टेपचे वेढे किती द्यावेत? रेडिएटरच्या आट्यांच्या सांध्यातील गळतीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातील दोन पोलादी पॅनेल रेडिएटरचे व्हॉल्व्ह तुम्ही स्वतः बदलले. व्हॉल्व्हसोबत जो पितळी तुकडा येतो आणि रेडिएटरच्या तोंडात अर्ध्या इंचाच्या आट्यांनी बसतो (पुढे त्याला टेलपीस म्हणतो), त्याला पहिल्या रेडिएटरवर आधी साध्या पांढऱ्या (टेफ्लॉनच्या) टेपचे चार वेढे दिले, तेव्हा पाणी आले. मग बारा वेढे देऊन जोराने आवळले, तरीही सकाळी यंत्रणा थंड असताना खाली एखादा थेंब लोंबकळताना दिसतो आणि रेडिएटर तापला की सगळे कोरडे होते. दुसऱ्या रेडिएटरला थेंब नाही, पण नटाभोवती पांढरट-हिरवट थर धरला आहे. टेपचे वेढे नेमके किती द्यावेत, टेपपेक्षा चांगले काही आहे का आणि गळती थांबवणारे द्रव पाण्यात घातले तर चालेल का, हे तुम्ही विचारले आहे.

वेढ्यांच्या संख्येबद्दल पुढे सांगतो, परंतु खरी अडचण तिथे नाही असे मला वाटते. रेडिएटरच्या एका टोकाशी पाणी अडवणाऱ्या जागा एक नव्हे, चार असतात, आणि प्रत्येक जागी ते वेगळ्या पद्धतीने अडवले जाते. पहिली जागा म्हणजे टेलपीस आणि रेडिएटर यांच्यातील आटे. येथे टेप, सूत किंवा पेस्ट यांपैकी काहीतरी लागतेच. दुसरी जागा म्हणजे टेलपीस आणि व्हॉल्व्ह यांना ओढून धरणारा मोठा नट, म्हणजे युनियन. येथे पाणी आटे अडवत नाहीत, तर धातूचा गोलसर चेहरा समोरच्या उतरत्या बैठकीवर दाबला जाऊन किंवा मधल्या ओ-रिंगमुळे (गोल रबरी कडीमुळे) अडते. तिसरी जागा खालून येणारा पाइप व्हॉल्व्हमध्ये शिरतो ती. तांब्याच्या पाइपवर तेथे बहुधा दबून बसणारी पितळी किंवा तांब्याची कडी असते. चौथी जागा व्हॉल्व्हच्या स्पिंडलभोवतीचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या दांड्याभोवतीचे, पॅकिंग. चारही जागा एकमेकींपासून बोटभर अंतरावर आहेत आणि पाणी खाली ओघळणार हे ठरलेले, त्यामुळे स्पिंडलमधून झिरपलेला थेंब नटावरून फिरून नेमका टेलपीसच्या खाली लोंबकळू शकतो. ज्या जागी गळती नाही तेथे बारा वेढे दिले काय आणि वीस दिले काय, फरक पडणार नाही.

म्हणून पान्ह्याला हात लावण्यापूर्वी जागा निश्चित करावी. सगळा भाग कापडाने पूर्ण कोरडा करावा, कोपऱ्यातील पाणी टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घ्यावे, आणि मग टिश्यूच्या अरुंद पट्ट्या करून एक स्पिंडलखाली, एक टेलपीस रेडिएटरमध्ये शिरतो तेथे, एक मोठ्या नटाच्या दोन्ही कडांवर आणि एक पाइपच्या नटाखाली अशी घट्ट गुंडाळावी. प्रत्येक पट्टीवर साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेनने एक रेघ ओढून ठेवावी. पट्टी ओली होऊन नंतर रेडिएटरच्या उष्णतेने वाळली तरी रेघ पसरलेली दिसते, आणि रात्रीत पाणी कोठे आले होते याची साक्ष सकाळी मिळते. यंत्रणा एकदा तापू द्यावी, पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मग पट्ट्या वरून खाली या क्रमाने तपासाव्यात. सर्वांत वरची ओली पट्टी ही तुमची जागा.

आता तुमच्या तक्रारीतील सर्वांत उपयोगी तपशिलाकडे येतो, तो म्हणजे गळती फक्त थंड असताना होते. बंद यंत्रणेत पाणी तापले की दाब वाढतो आणि थंड झाले की उतरतो. म्हणजे तुमचा सांधा जास्त दाबाला टिकतो आणि कमी दाबाला गळतो. यावरून दोष दाबाचा नाही, आकुंचनाचा आहे असे मानायला हरकत नाही. याउलट गळती फक्त तापल्यावर होत असती, तर मी आधी बॉयलरवरील दाबमापक पाहायला सांगितले असते. थंड असताना साधारण १ ते १.५ बार दाखवणारा काटा तापल्यावर ३ बारच्या दिशेने धावत असेल, तर प्रसरण टाकीतील (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतील) हवा गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, आणि तोवर घरातील प्रत्येक कमकुवत सांध्याची परीक्षा झालेली असते. तशा परिस्थितीत सांधे दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. टाकी आधी पाहावी लागते.

आकुंचन दोन प्रकारे काम करते. पितळ एका अंशाला प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढते, पोलाद सुमारे ०.०१२ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या आट्याचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर असतो. ६० अंशांच्या फरकात पितळी टेलपीस आणि पोलादी तोंड यांच्या व्यासातील वाढीत पडणारा फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडा कमी भरतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पाण्याला एवढी वाट पुरते. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा जास्त फुगून आट्यांत घट्ट बसते, थंड झाल्यावर मागे सरकते, आणि मधले भरण स्वतःहून फुलून ती फट बुजवणारे नसेल तर पाझर सुरू होतो. टेफ्लॉन टेप एकदा दबली की दबलेलीच राहते. तिला स्प्रिंगसारखी उभारी नसते.

दुसरा प्रकार याहून बराच मोठा आहे, आणि माझ्या अनुभवात वारंवार गळणाऱ्या सांध्यांचे मूळ बहुतेक वेळा तेथेच सापडते. तांब्याचा ५ मीटर सरळ पाइप ६० अंशांनी तापला तर सुमारे ५ मिलिमीटर लांबतो. प्लास्टिकचा पाइप असेल तर ही वाढ कितीतरी पट अधिक असते, जरी तो लवचीक असल्याने ढकलतो कमी. हे ५ मिलिमीटर कोठेतरी जाणारच. पाइप जमिनीतून किंवा भिंतीतून वर येतो तेथे भोक अगदी पाइपच्या मापाचे असेल, किंवा सिमेंटने बुजवलेले असेल, तर पाइप सरकू शकत नाही आणि सगळा रेटा व्हॉल्व्हवर व व्हॉल्व्हमार्फत टेलपीसवर येतो. दररोज तापणे, दररोज निवणे, आणि प्रत्येक वेळी टेलपीसला केसभर मुरड. असा सांधा कोणत्याही भरणाने फार काळ टिकत नाही.

हे तपासण्याची रीत सोपी आहे. रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, रेडिएटर थंड झाल्यावर आणि रिकामा केल्यावर, मोठा नट पूर्ण सोडवावा आणि व्हॉल्व्ह कोठे जातो ते पाहावे. व्हॉल्व्हचे तोंड टेलपीसच्या तोंडासमोर सरळ, मोकळे उभे राहिले तर पाइपची मांडणी ठीक आहे. नट सुटताच व्हॉल्व्ह बाजूला उडाला, किंवा परत जोडताना त्याला हाताने ओढून आणावे लागले आणि नटाच्या जोरावर तोंडे जुळवावी लागली, तर दोष पाइपच्या लांबीत, कोनात किंवा रेडिएटरच्या ब्रॅकेटमध्ये आहे. नटाचे काम जुळलेली तोंडे धरून ठेवण्याचे आहे, न जुळलेली ओढून आणण्याचे नाही. ब्रॅकेटवर रेडिएटर काही मिलिमीटर सरकवता येतो, तो सरकवावा. पाइपभोवतीचे भोक थोडे मोठे करून त्यात पाइपला सरकायला मोकळीक ठेवणारी बाही घालावी. पाइप जवळच कडक क्लिपने पकडला असेल तर क्लिप थोडी दूर न्यावी. टेलपीस पुन्हा बसवण्याआधी हे करायचे, नंतर नव्हे.

आता आट्यांकडे. दोन आटे एकमेकांत कितीही नीट बसले तरी त्यांच्या शिखरांशी आणि खोबणींशी एक बारीक नागमोडी वाट उरते, जी आट्यांबरोबर फिरत फिरत आतून बाहेरपर्यंत येते. टेप, सूत किंवा पेस्ट ही वाट बुजवतात. तेवढेच त्यांचे काम. बाहेरचे आटे निमुळते असतील, म्हणजे दर १६ मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरने वाढत असेल, तर आत जाताना ते पाचरीसारखे दाबत जातात आणि भरण दाबून बसते. आटे समांतर असतील तर अशी पाचर मिळत नाही, सगळा भार भरणावर येतो आणि ते अधिक लागते. त्यामुळे काहीही न गुंडाळता टेलपीस कोरडा, हाताने फिरवून पाहावा. काही फेऱ्यांनंतर तो आपोआप आवळत जाऊन थांबला आणि थोडे आटे बाहेर उरले, तर जोडी निमुळती आहे. तो खांद्यापर्यंत सैलपणे आत गेला तर समांतर आहे. आत असताना हलवून पाहिल्यावर खळखळ वाजला, तर कोणत्या तरी बाजूचे आटे झिजले आहेत किंवा दोन्ही एकाच जातीचे नाहीत.

या शेवटच्या शक्यतेवर एक वाक्य जास्त खर्च करतो, कारण सुटे भाग ऑनलाइन मागवणाऱ्यांना ती नेहमी चकवते. ब्रिटिश पद्धतीच्या पाइप आट्याचा कोन ५५ अंश असतो, अमेरिकी पद्धतीचा ६०. अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या मापात दोन्हींमध्ये इंचाला १४ आटे असतात, म्हणून एक दुसऱ्यात काही फेऱ्या आरामात शिरतो आणि जुळला असे वाटते. पण त्यांच्या उतरणी एकमेकांवर नीट टेकत नाहीत आणि ती फट टेपने भरवशाने भरता येत नाही. अशा वेळी भाग बदलणे हाच मार्ग आहे.

टेपच्या वेढ्यांचे एकच एक उत्तर नाही, कारण टेप एकाच जाडीची नसते. स्वस्त पांढरी टेप बहुधा ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास असते, जाड प्रतीची ०.२ मिलिमीटरपर्यंत. पातळ टेपचे दहा-बारा वेढे समांतर आट्यांवर कमी पडू शकतात आणि जाड टेपचे सहा वेढे निमुळत्या आट्यांवर जास्त होऊ शकतात. मी वेढे मोजण्यापेक्षा हाताला काय जाणवते ते पाहतो: गुंडाळलेला टेलपीस पहिले दोन-तीन आटे बोटांनी सुरू झाला पाहिजे, त्यानंतर पान्हा लागला पाहिजे आणि शेवटपर्यंत विरोध हळूहळू वाढत गेला पाहिजे. विरोध अजिबात जाणवला नाही तर भरण अपुरे आहे. पहिल्याच आट्याला अडले तर अति झाले. टेलपीस आवळल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी टेपची चुरगळलेली पांढरी कडी जमा झालेली दिसली, तर ती टेप आत गेलेलीच नाही, बाहेर ढकलली गेली. तुमच्या बारा वेढ्यांच्या बाबतीत असे झाले असावे अशी मला शंका आहे. नव्या टेलपीसवरचे क्रोम किंवा निकेलचे गुळगुळीत आटे असतील तर हे फारच सहज होते, कारण टेपला धरायला काही नसते.

टेपची आणखी एक मर्यादा अशी की ती बसवल्यावर टेलपीस उलटा फिरवता येत नाही. किंचित जास्त गेला म्हणून पाव फेरी मागे घेतली की टेप आतल्या आत सैल होते आणि सांधा गळू लागतो. असे झाले तर काढून, स्वच्छ करून, नव्याने गुंडाळणे भाग असते.

या कारणांमुळे रेडिएटरच्या टेलपीसवर माझी पसंती टेपला नाही, तर जवसाच्या किंवा हेम्पच्या तंतूंचे सूत आणि त्यावर त्याच कामासाठीची पेस्ट या जुन्या जोडीला आहे. सूत ओले झाले की फुगते, त्यामुळे थंडीत मागे सरकणाऱ्या पितळाचा पाठलाग ते करू शकते. आणि गरज पडल्यास किंचित उलटी फिरवाफिरव ते सहन करते. पॉलिअमाइडचा पेस्ट लावलेला धागा रिळात मिळतो, तोही चांगला आहे आणि नवशिक्यांच्या हाताला सुतापेक्षा लवकर वळतो. हवा नसलेल्या जागी धातूच्या संपर्काने घट्ट होणारी पेस्ट धातूच्या आट्यांवर उत्कृष्ट काम करते, मात्र आटे तेल व पाण्यापासून पूर्ण मुक्त हवेत, पाकिटावर दिलेला वेळ यंत्रणेत पाणी भरण्याआधी जाऊ द्यायला हवा, आणि नंतर तो सांधा उघडायला बरीच ताकद किंवा उष्णता लागते. तुमच्या घरात दोन्ही बाजू धातूच्या आहेत, म्हणून ती चालेल. प्लास्टिकच्या आट्यांवर ती वापरू नये.

सूत गुंडाळण्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण यश त्यावर अवलंबून आहे. आधी टेलपीस आणि रेडिएटरचे तोंड दोन्हींमधली जुनी टेप तारेच्या ब्रशने पूर्ण काढावी. आत राहिलेले तुकडे नव्या भरणाची वाट अडवतात आणि सुटून पाण्यात गेले तर व्हॉल्व्हमध्ये अडकतात. तोंडाच्या आट्यांवर कारखान्यातील रंग आला असेल तर तोही खरवडावा. टेलपीसचे आटे गुळगुळीत असतील तर करवतीच्या पात्याने आट्यांच्या शिखरांवर आडव्या, उथळ खाचा पाडाव्यात, म्हणजे तंतू घसरणार नाहीत. मग सुताच्या जुडग्यातून एक पातळ, केसांच्या बटेएवढी बट ओढून घ्यावी, तिच्यातील गाठी बोटांनी विंचरून सरळ कराव्यात. आट्यांचे टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे त्या आट्यांवर नट चढवताना तो ज्या दिशेने फिरेल त्याच दिशेने, ताण ठेवून गुंडाळावे. सर्वांत पुढचा एक आटा उघडा ठेवावा, जेणेकरून टेलपीस सुरू होताना आटा आट्याला धरेल आणि तंतू पाण्याच्या वाटेत जाणार नाहीत. तंतू खोबणीत बसलेले दिसावेत आणि शिखरे त्यांच्यातून अंधूक जाणवावीत. आट्यांचा आकारच दिसेनासा झाला तर सूत जास्त झाले. त्यावर पेस्टचा पातळ थर बोटाने, गुंडाळलेल्या दिशेनेच, दाबून फिरवावा. उलट्या दिशेने बोट फिरवले तर सगळे सुटून हातात येते.

सूत भरपूर घालणे हे पितळी किंवा बिडाच्या भागांसाठी टेप भरपूर घालण्यापेक्षा धोक्याचे आहे. दबलेल्या सुताचा रेटा मोठा असतो आणि पातळ पितळी मादी-भाग (आतून आटे असलेला भाग) त्याने उभा चिरतो. अशी चीर बहुधा त्याच वेळी दिसत नाही, काही काळाने उघडते.

आवळताना टेलपीसच्या आतल्या खाचेत बसणारी षटकोनी किंवा पायऱ्यांची किल्ली वापरावी. पाइप पान्ह्याने टेलपीसचा मधला गुळगुळीत भाग पकडू नये, कारण तेथे पडलेले ओरखडे पुढे नटाच्या किंवा बैठकीच्या आड येतात. पॅनेल रेडिएटरचे आट्यांचे तोंड पातळ पत्र्याला वेल्डिंगने जोडलेले असते, म्हणून लांब दांडा लावून अंगाचा भार टाकण्याचे काम येथे नाही. घट्ट, अजून फिरू शकेल असे वाटणारे, पण सहज न फिरणारे एवढे पुरे. त्यानंतर युनियनचा नट आवळताना व्हॉल्व्हचे अंग दुसऱ्या पान्ह्याने धरून ठेवावे, नाहीतर नटाबरोबर सगळा व्हॉल्व्ह फिरतो आणि खालचा पाइपचा सांधा सैल होतो.

युनियनच्या नटाच्या आट्यांवर टेप लावू नये. ती तेथे पाणी अडवत नाहीच. उलट नटाला पुरेसे पुढे जाऊ देत नाही आणि बैठक अर्धवट दबते. तोंडांवर चरा, कचरा किंवा क्षाराचा थर नाही ना हे बोटाच्या नखाने पाहावे, ओ-रिंग असेल तर ती चिरलेली नसावी, एवढेच लागते. पाइपच्या कडीच्या सांध्याचेही तसेच: नट आवळून थांबत नसेल तर नट सोडवून कडीवर पेस्टचा पातळ लेप देता येतो, पण कडी तिरकी बसली असेल तर पाइपचे टोक नव्याने कापणे बरे. स्पिंडलची गळती बहुतेक व्हॉल्व्हवर पॅकिंगचा छोटा नट किंचित आवळून थांबते. थर्मोस्टॅटच्या व्हॉल्व्हवर (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघड-बंद होणाऱ्या) मात्र ती पिनच्या सीलची असू शकते आणि तेथे उत्पादकाने दिलेला सुटा भाग बदलावा लागतो. रेडिएटरच्या बंद टोकाचा प्लग आणि हवा सोडण्याचा स्क्रू यांना बहुधा कारखान्यातूनच ओ-रिंग येते, तेथेही टेप नको.

हे सगळे पोलादी पॅनेल रेडिएटरला लागू आहे. ॲल्युमिनियमच्या जोडकप्प्यांच्या रेडिएटरमध्ये गोष्ट थोडी वेगळी असते. त्यांच्या तोंडाचे आटे १ इंचाचे असतात आणि एका बाजूचे आटे उलटे असतात; त्यात बसणारे बुशिंग सिलिकॉन किंवा रबरी वॉशरवर टेकून पाणी अडवते. त्या बुशिंगच्या बाहेरच्या आट्यांवर सूत गुंडाळले तर वॉशर टेकतच नाही आणि ॲल्युमिनियमचे मऊ आटे खराब होतात. सूत किंवा टेप फक्त बुशिंग आणि टेलपीस यांच्यामध्ये वापरावी. यंत्रणेत गोठणरोधक ग्लायकॉल असेल, तर साध्या पाण्याला न सापडणाऱ्या वाटाही ते शोधून काढते, म्हणून पेस्ट ग्लायकॉलला चालणारी आहे ना हे डब्यावर वाचावे.

तुमच्या पहिल्या रेडिएटरसाठी कामाचा क्रम असा ठेवावा. पट्ट्यांनी जागा निश्चित करा. ती टेलपीसचीच निघाली तर बॉयलर बंद करून सगळे पूर्ण थंड होऊ द्या. गरम, दाबाखालील सांधा कधीही उघडू नये. लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरमधला प्रवाह ठरवून ठेवणारा, टोपीखालचा व्हॉल्व्ह) बंद करताना किती फेऱ्या लागल्या ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे नंतर रेडिएटरमधला प्रवाह पूर्वीइतकाच ठेवता येईल. दुसऱ्या बाजूला थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह असेल तर नुसते बटण शून्यावर नेऊन त्यावर विसंबू नका. खोली फार थंड झाली की तो पाइप गोठू नये म्हणून आपोआप उघडतो, आणि रेडिएटर जागेवर नसेल तर पाणी जमिनीवर येते. डोके काढून सोबत आलेली हाताने आवळायची टोपी बसवा, आणि रेडिएटर बराच वेळ दूर राहणार असेल तर तोंडाला आंधळी टोपीही लावा. मग पाइपची मोकळीक पाहा, आटे कोरडे फिरवून पाहा, आणि त्यानंतरच सूत हातात घ्या.

चाचणी आधी थंड पाण्याने करावी. पाणी भरून, हवा सोडून, नेहमीच्या थंड दाबावर सांधा कोरडा राहतो का ते पाहावे. सामान्यतः चाचणीचा दाब नेहमीच्या कामाच्या दाबाच्या दीडपट घेतात, परंतु बॉयलर जोडलेला असताना सुरक्षा व्हॉल्व्हच्या मर्यादेजवळ जाऊ नये. दाबलेल्या हवेने चाचणी घेण्याचा मोह टाळावा. हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा फार मोठी असते आणि सुटलेला भाग इजा करू शकतो. त्यानंतर यंत्रणा पूर्ण तापवावी, पूर्ण निवू द्यावी आणि थंड असताना पुन्हा पट्ट्या पाहाव्यात. तुमच्या बाबतीत खरी चाचणी हीच आहे. सुताचा सांधा सुरुवातीला किंचित घामेजला तर लगेच उघडू नये. सूत फुगल्यावर तो बहुधा पहिल्या एक-दोन चक्रांत बंद होतो. त्यापुढेही ओल राहिली तर तो बंद होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

गळती थांबवणाऱ्या द्रवाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, निदान तुमच्या परिस्थितीत. जमिनीत गाडलेल्या, पोहोचता न येणाऱ्या पाइपची सूक्ष्म गळती असती तर शेवटचा उपाय म्हणून मी त्याचा विचार केला असता. तुमचा सांधा डोळ्यांसमोर आहे आणि दोन व्हॉल्व्ह बंद करून उघडता येतो. हे द्रव गळतीच्या तोंडाशी घट्ट होते, पण स्वयंचलित हवा-सुटका व्हॉल्व्हच्या तोंडाशीही घट्ट होऊ शकते, आणि काही बॉयलर उत्पादक त्यास मनाई करतात. बाहेरून सिलिकॉन किंवा इपॉक्सी फासण्याबद्दल विचारणारेही असतात. दाब आतून असताना बाहेरचा लेप सुटतो आणि खरी जागा तेवढी झाकली जाते.

एक थेंबच तर आहे, असे मात्र म्हणू नये. प्रत्येक थेंबाच्या बदल्यात कधीतरी यंत्रणेत ताजे पाणी भरावे लागते. ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन आणि क्षार येतात, पोलाद आतून गंजते, काळा गाळ तळाशी साठतो, आणि गंजरोधक द्रव दर वेळी थोडे पातळ होत जाते. दाबमापकाचा काटा वरचेवर उतरत असेल आणि तुम्ही वरचेवर पाणी भरत असाल, तर हे नुकसान सांध्यापेक्षा मोठे आहे.

दुसऱ्या रेडिएटरवरचा पांढरट थर म्हणजे झिरपलेले पाणी वाळून मागे राहिलेले क्षार. त्यातील हिरवटपणा पितळातील तांब्याचा. असा पाझर कधी कधी स्वतःच्याच क्षारांनी बुजतो, म्हणून थेंब दिसत नसणे खरे असू शकते. पण यंत्रणा रासायनिक द्रवाने धुतली तर हा थर विरघळून गळती पुन्हा उघडते. ओल्या कापडाने आणि जुन्या टूथब्रशने थर पुसून टाका, शाईच्या रेघेची पट्टी गुंडाळा आणि काही वेळा तापू-निवू द्या. पट्टी कोरडी राहिली तर सांधा तसाच ठेवा. रेघ पसरली, किंवा थर पुन्हा धरू लागला, तर तुम्ही सांगता त्या जागेवरून ती गळती नटाची, म्हणजे बैठकीची आहे. व्हॉल्व्हचे अंग धरून नट एक अष्टमांश फेरी आवळून पाहा. त्याने थांबली नाही तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, रेडिएटर रिकामा करा, नट सोडवा, दोन्ही तोंडे पुसून उजेडात पाहा आणि टेप न लावता तसाच परत जोडा. तोंडावर नखाला लागणारा चरा असेल तर टेलपीस आणि व्हॉल्व्ह एकाच जोडीचे नवे घ्या, कारण वेगवेगळ्या बनावटीचे भाग एकमेकांवर नीट बसतीलच असे नाही.